सतराचा पाढा

सतराचा पाढा कानावर पडला की मला मळमळतं. प्राथमिक शाळेतल्या बाईने असं म्हणणं म्हणजे मासेवालीने माशांचा वास सोसत नाही म्हणण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण आहे ते आहे. आमची शाळा दोन शिक्षकी, मसुऱ्याच्या अलीकडे काजूच्या बागांमध्ये. मुलांचे सोळापर्यंतचे पाढे मी घेते, पुढे अठरा-एकोणीसही घेते. सतराचा तेवढा माझ्यासोबतचे सर घेतात, आणि त्या वेळात मी काहीतरी निमित्त काढून मागच्या पाण्याच्या टाकीकडे जाते. सरांनी कधी कारण विचारलं नाही. त्या दिवशी ते शाळेतच होते.

पोर उभं करून त्याच्याकडून काहीतरी म्हणवून घेण्याची आपल्याला फार हौस. पाहुणा टेकतो न टेकतो, चहाचं आधण अजून चुलीवर असतं, आणि आई आतून हाक मारते, "इकडे ये गो, काकांना म्हणून दाखव." पोर हात मागे बांधून उभं राहतं, घडाघडा म्हणतं, पाहुणा "वा वा" करतो, आई पदराला हात पुसत लाजते. कौतुक पोराचं नसतंच, आईचं असतं. मी हे अधिकाराने सांगते, कारण या खेळात माझा हात धरणारं आमच्या वाडीत कुणी नव्हतं. माझी मुलगी सहा वर्षांची असताना वीसपर्यंतचे पाढे म्हणायची. मी लिहून दिलेलं 'माझी शाळा' हे दोन पानी भाषण तिला पाठ होतं, कुठे थांबायचं आणि कुठे हात उंचवायचा यासकट. लोक म्हणायचे, शेवटी मास्तरणीची मुलगी. आणि मी लाजायचे. आता ते आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तिची खरी करामत पाढ्यांत नव्हती. ती निरोप फार छान सांगायची. आता घरटी दोन-दोन फोन आहेत, पण आमच्या वाडीत अजूनही ताक मागायचं, विळी परत करायची, कुणाचं काय दुखतंय ते विचारायचं, तर फोन करत नाहीत, पोराला पाठवतात. माझ्या सासूबाईंचा दिवसभराचा टपाल खात्याचा कारभार माझ्या मुलीवर चालायचा. कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढून ती शेजारणीला सांगायची, "आजी सांगता, वायच ताक देवा. आंबाट आसात तर नको. कालचा आंबाट ढाण होता." शेवटचं वाक्य आजीने सांगितलेलं नसायचं, ते तिने पदरचं घातलेलं असायचं. शेजारीण हसत हसत शिव्या घालायची आणि ताक द्यायची. मी मात्र पडवीतून ओरडायचे, "आंबाट नाही, आंबट म्हण!"

पहिली फिट आली ती अंगणात, भर दुपारी. कोकमाची सोलं वाळत घातली होती, त्या चटईजवळ ती बसली होती, आणि एकाएकी तिची मान एका बाजूला वळली, डोळे फिरले, उजवा हात झटके द्यायला लागला. पाच मिनिटांत अंगण भरलं. कुणी कांदा फोडून आणला, कुणी पायातली चामड्याची चप्पल काढून तिच्या नाकाशी नेली. ती चप्पल गोठ्यातून आलेली होती. माझ्या न शिकलेल्या सासूने ती चप्पल त्या माणसाच्या हातातून ओढली आणि गडग्यापलीकडे भिरकावली. आणि मी, डी.एड. झालेली, मी काय केलं? स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि तिचे दात उघडायला लागले. तिच्या ओठातून रक्त आलं ते फिटमुळे नाही, माझ्या चमच्यामुळे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की तोंडात काहीही घालायचं नसतं, नुसतं कुशीवर वळवायचं आणि वेळ बघायची. चमच्याचं मी त्यांना सांगितलं नाही. ओठ कशाने फुटला म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, पडली.

औषधासाठी आम्ही कोल्हापूरला जायचो. फोंडाघाटात ती हटकून ओकायची, आणि ती प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर धरून उरलेला घाट मी काढायचे. मागच्या सीटवरून बायकांचे उसासे यायचे. "चेडू मा? मगे पुढे लग्नाचा काय?" एकीने सरळ सांगितलं की कुणाला कळू देऊ नका, बाहेरच्या गावची औषधं घेताय तेच बरं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, माझ्या हातात ओकारीची पिशवी होती, आणि या बाईला तिच्या लग्नाची पडली होती. मला त्या पिशवीची किळस आली नाही, त्या बाईची आली.

पहिल्या औषधाने वर्षभर बरं गेलं, मग फिट्स पुन्हा डोकं वर काढायला लागल्या. डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली. फिकट पिवळी, चिमुकली. आणि त्यांनी मला नीट सांगितलं होतं. डॉक्टरांना दोष देता आला असता तर मला फार सोपं गेलं असतं, पण तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला होता, "या गोळीने काही मुलांना शब्द सापडेनासे होतात. कधी आजारामुळेही होतं. बोलण्यात काही फरक वाटला तर मला सांगायचं." मी मान डोलावली. रोज तीस मुलांचं बोलणं तपासणाऱ्या बाईला हे काय सांगायचं, असाच भाव माझ्या चेहऱ्यावर असणार.

गोळीने काम केलं. तीन महिने एकही फिट नाही. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. कुडाळच्या कारखान्यातून घरी आले की नवरा पहिला प्रश्न विचारायचे, "आज काय नाय मा?" आणि मी नाही म्हणायचे. फिट नाही म्हणजे सगळं ठीक, असा आमचा हिशेब होता. पोर जेवत कमी होतं, बोटं झटकत बसायचं, मुंग्या आल्यासारखी. पण मुख्य म्हणजे ते शांत झालं होतं. लोकांना ते फार आवडलं. "शाणा झाला गो चेडू, कसा गप बसता!" जी शेजारीण तिच्या आगाऊपणावर हसायची, तीच आता तिला चांगली म्हणायला लागली. मुलगी गप्प झाली की तिला शहाणी म्हणायचं, याच्याइतकी घाणेरडी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. तेव्हा मात्र मलाही बरंच वाटलं होतं.

एकट्या सासूबाईंना बरं वाटलं नाही. एका सकाळी मी डबा भरत होते, तर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चेडू निरोप सांगणा नाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जाता, गडग्याकडे उभा रवता, आणि तसाच परत येता. माका वाटला इसारला. पण तेका सगळा कळता. सूप घेवन ये म्हटला तर सूप घेवन येता. नाव तेवढा घेऊक जमणा नाय."

मी घड्याळाकडे बघितलं. मला सव्वादहाला शाळा. आणि जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. "आई, तुम्ही तिच्याशी दिवसभर मालवणी बोलता, मी मराठी बोलते. पोर गोंधळतं. उद्यापासून घरात नीट मराठीच बोलायचं. सगळ्यांनी."

सासूबाई वळून चुलीकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरंच प्रयत्न केला. "इकडे ये बाळ, जेवायला बस बाळ," असं त्या म्हणायच्या, रेडिओवरच्या बाईसारखं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. मुलगी त्यांच्याकडे परक्यासारखी बघायची. आठवड्याभरात त्या तिच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. बोलण्यात चूक होण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं त्यांना वाटलं असणार. म्हणजे घरात गप्प माणसं एकाची दोन झाली, आणि दुसरं तर मीच केलं.

माझ्या मनात शंका नव्हती असं मात्र नाही. ती होती, आणि तिचं तोंड बंद करायला मी पाढा वापरला. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी तिला समोर उभी करायचे. "म्हण सतराचा." सतराचाच, कारण तो सगळ्यांत अडतो, तो आला म्हणजे डोकं जागेवर आहे. ती हात मागे बांधायची आणि म्हणायची. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. एकही अडखळण नाही. मी सुटकेचा श्वास सोडायचे आणि भाकरी थापायला जायचे. ताप बघावा तसा मी रोज तिचा पाढा बघत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे फार गर्दी होती. दोन वेळा तिचा हात सकाळी नुसता दचकल्यासारखा उडाला होता, ते मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "बोलणं कसं आहे?"

मी उत्तर दिलंच नाही. मी मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हण गो, डॉक्टरकाकांना सतराचा पाढा म्हणून दाखव."

पाहुण्यासमोर करतात तेच. तिने हात मागे बांधले आणि म्हटला, पहिल्यापासून दहापर्यंत. बाहेर बसलेल्या बायका दारातून डोकावल्या. डॉक्टर हसले, "अरे वा, मला नाही येत एवढा," म्हणाले, आणि त्यांनी पिवळ्या गोळीचा डोस वाढवला. मी लाजले. देवाशपथ, मी तिथे त्या खुर्चीत बसून लाजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात माझा आणि अवलक्षण तिच्या वाट्याला आलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते झालं. ती माझ्याच वर्गात होती, तिसरीत. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा माझा नियम. फळ्यावर मी गणित लिहीत होते. ती जागेवरून उठली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, ते…"

"काय?"

"ते… मला… ते…"

तिचे पाय एकमेकांवर दाबलेले होते. कुठल्याही आईला कळलं असतं, अगदी कुठल्याही शेजारणीला कळलं असतं. पण मी तेव्हा बाई होते. वर्ग ऐकत होता आणि माझी मुलगी पहिलीतल्या पोरासारखं 'ते, ते' करत होती. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "पूर्ण वाक्यात सांग."

तिने प्रयत्न केला. तो प्रयत्न मी बघितला, पण बघूनही न बघितल्यासारखं केलं. तिचा ओठ हलत होता, डोळे माझ्या मागच्या भिंतीवरच्या तक्त्यावर फिरत होते, तिथे कुठे तो शब्द लिहिलेला सापडतो का म्हणून. "पूर्ण वाक्यात," मी पुन्हा म्हणाले. आणि मग तिच्या पायांखालून ओल पसरायला लागली, माझ्या टेबलाच्या पायापर्यंत आली, माझ्या चपलेपर्यंत आली. मी पाय मागे घेतला. माझं नाक मुरडलं गेलं आणि तोंडातून "शी!" निघालं.

ते तिने बघितलं. मुलं हसली ते तिने ऐकलं नसेल, पण माझा चेहरा तिने बघितला. मग तिने हात मागे बांधले, त्या ओल्यात तशीच ताठ उभी राहिली आणि म्हणायला लागली, "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न."

कारण मी रागावले की मला हेच हवं असतं, एवढं तिला माहीत होतं. तिच्याकडे तेवढंच शिल्लक राहिलं होतं, आणि ते ती मला देत होती.

सर शेजारच्या वर्गातून आले. त्यांनी मुलांना मैदानात नेलं. ती म्हणतच होती. सतरा चोक, सतरा पाचे. मी तिला उचललं, मागे टाकीवर नेलं, धुतलं. माझ्या अंगालाही तो वास लागला. त्या वासाची मला आता लाज वाटत नाही, आठवण येते ती त्या "शी"ची. पुढे मला पुष्कळांनी समजावलं की तुम्हाला काय माहीत, तुम्ही आई आहात, मुद्दाम केलंत का. असं समजावणाऱ्यांचाही मला वीट आलाय. मुद्दाम केलं नाही, पण केलं तर मीच.

घरी गेल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या बोलतील, मला बोललेलं हवंच होतं. त्यांनी नातीचे केस विंचरले, तेल लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मास्तरीण मा. तुका म्हायत आसतला म्हणान मी गप रवलंय."

दोन दिवसांनी आम्ही तिघी कोल्हापूरला गेलो. या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सासूबाईंनी कमरेची चंची सोडली, पान-सुपारीची, आणि त्यातल्या वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या. सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, कपाटाची चावी. डॉक्टरांच्या कागदांवर चुना सांडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात धरणार तेवढ्यात त्या नातीला म्हणाल्या, "ह्यो काय गो?"

त्यांनी अडकित्त्यावर बोट ठेवलं होतं. तिने तो अडकित्ता हजार वेळा हाताळलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटांनी कातरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ता… कापूक… ता…" आणि थांबली. सुपारीलाही तसंच. चावीला तिने हात फिरवून दाखवला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे कधीपासून?" त्यांनी मला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळेच्या आदीपासून." मग मी पाढ्याचं सांगितलं, शाळेतलं सांगितलं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या चमच्याचंही सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

मग ते जे म्हणाले ते मी कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. पाठ केलेलं म्हणणं वेगळं आणि हवा तो शब्द शोधून काढून बोलणं वेगळं. पाठ झालेलं चाक उतारावर सुटल्यासारखं आपोआप जातं. शोधायचं असतं तेव्हा अडतं. पाढा येतो म्हणून मूल बोलतंय, असं नसतं. "मीही त्या दिवशी थांबून चार प्रश्न तिला विचारायला हवे होते," ते म्हणाले. ते म्हणाले याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही चीड आली.

दोष गोळीचा की आजाराचा, हे त्यांनी लगेच सांगितलं नाही. झोपेत मेंदूचा आलेख काढावा लागेल म्हणाले, कारण काही मुलांत झोपेतच आतल्या आत असं काही चालू असतं की त्याने बोलणं जातं. दुसऱ्या दिवशी तिला पहाटे लवकर उठवून जागं ठेवलं आणि दुपारी तिथल्या खाटेवर निजवलं. डोक्याला चिकट लेप, त्यातून वायरी. आलेखात ते भलतं काही नव्हतं. म्हणजे गोळीवरच संशय, पण संशयच, खात्री नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. गोळी एकदम थांबवायची नाही, एकदम थांबवली तर फिट्स उसळून येतील. आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवायची आणि दुसरं औषध हळूहळू चढवायचं.

हे घरी आणि वाडीत समजावताना माझा जीव नकोसा झाला. नवरा गोळ्यांची पाकिटं विहिरीत टाकायला निघाले होते. शेजारीण म्हणाली, औषधच वाईट, सोडा सगळी, अमक्याकडून अंगारा आणा. ज्या लोकांना सहा महिने मुलगी गप्प बसली याचं कौतुक होतं, त्या सगळ्यांना आता एकाएकी तिच्या बोलण्याचा पुळका आला. खरं तर ती पिवळी गोळी बघून मलाही शिसारी यायची. तरी रोज ती तिच्या जिभेवर ठेवली, कागदावर लिहून, स्वयंपाकघराच्या भिंतीला तो कागद चिकटवून. ती तोंड उघडायची, माझ्यावर भरवसा ठेवून. तो भरवसाही मला सोसवत नव्हता.

मधल्या काळात एक फिट आलीच, पडवीत. मी तिला कुशीवर वळवलं आणि हात आवरून बसले. चमच्याकडे बघितलंही नाही. सासूबाई घड्याळ बघत होत्या. ती दोन मिनिटांत थांबली, मुलगी झोपली, तासाभराने उठली आणि म्हणाली, "आजी खंय?"

दोन शब्द. कुणी "म्हण" असं न सांगता, तिला हवे होते म्हणून आलेले. फिट येऊन गेलेल्या दिवशी मला आनंद झाला होता. असल्या आनंदाचं काय करायचं ते कुठे शिकवत नाहीत.

घरातला मराठीचा नियम मी मागे घेतला, तोही धड माफी न मागता. "बोला तिच्याशी, कसंही बोला," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मी बोलतंय मा," आणि लगेच नातीला हाक मारली, "मेले, हडे ये, खोबरा खा." शब्द परत आले ते असे, खोबऱ्याच्या वाटेने, ताकाच्या वाटेने. सगळे आले नाहीत. अजूनही मध्येच ती थांबते आणि हाताने दाखवते, आणि मी तोंड मिटून थांबते. शिकवण्यापेक्षा हे थांबणं कितीतरी अवघड आहे. जित्याची खोड, शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन बसलेला असतो.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेची तपासणी झाली. साहेब वर्गात आले, मुलं उभी राहिली, सगळं रीतसर. वर्गावर नजर फिरवून त्यांनी नेमकी माझ्या मुलीकडे बोट केलं. ती माझी मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "पाढे येतात? सतराचा म्हण बघू."

सर दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाची कड धरली. सांगावं का साहेबांना, की हिला नको, दुसऱ्याला विचारा? पण तसं केलं असतं तर पुन्हा तिच्या वतीने मीच बोलले असते.

मुलगी उभी होती. तिचे हात मागे गेले. मला वाटलं, आता सुरू होणार. मग ते हात पुन्हा पुढे आले, तिने फ्रॉकला पुसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होती, आणि ते पाठ केलेलं नव्हतं, हे मला तिच्या कपाळावरच्या आठीवरून कळत होतं.

"येता माका," ती म्हणाली. मग थांबली. "पण माका म्हणूचो नाय."

पोरं खिदळली. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, मुलांना नीट बोलायला शिकवत नाही वाटतं?"

"पूर्ण वाक्य आहे, साहेब," मी म्हणाले.

मुलगी जागेवरून निघाली. माझ्या टेबलाजवळून जाताना क्षणभर थांबली, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं, आणि बाई न म्हणता म्हणाली, "आये, मी भायर जातंय."

आणि परवानगीची वाट न बघता गेली.